लेकीला आणायला गेले

२ फेब्रुवारी, सोमवार

नळ आला. तेराव्या दिवशी. रात्री तोटी उघडी ठेवून खाली पितळी पातेलं ठेवलं होतं, त्याच्या आवाजानं पाचला जाग आली. सगळ्या कॉलनीत हाच प्रकार. घरोघर पातेली वाजतात आणि बायका उठतात. दोन्ही टाक्या, पिंप, कळश्या, तांबे, झाडून सगळं भरून घेतलं. गुरुजी (आमचे हे; शाळा सुटून सात वर्षं झाली तरी गल्लीचे गुरुजीच) मोटारीपाशी उभे राहून सूचना करत होते.

दुपारी पल्लवीचा फोन, पुण्याहून. सातवा सरत आलाय. तिची डॉक्टरीण म्हणतेय प्रवास नको, पाय सुजलेत. म्हटलं, पाय सगळ्यांचेच सुजतात बाई. छत्तीस वर्षं नर्स म्हणून मी दुसरं काय बघितलं? पहिलं बाळंतपण आहे, ते माहेरीच होणार. सातव्यात आणायची, आठव्यात हलवायची नाही, अशी आमच्याकडं रीत. म्हणजे हातात फार तर पंधरा दिवस.

गुरुवारी निघते. ठरलं.

४ फेब्रु., बुध.

तिची खोली तयार. भिंतींना फिकट पिवळा रंग दिला. पलंग उन्हात टाकून झाला. डिंक, खारीक, अळीव आणून डब्यात भरले.

नळाची जबाबदारी गुरुजींवर सोडायची म्हणजे मलाच धास्ती. शेजारच्या शहनाज भाभींना सांगितलं. म्हणाल्या, "ताई, तुमी बिनफिकीर जावा. पानी आलं का भिंतीवरून आवाज देते. न्हाईच उठले तर खिडकीवर खडा मारते."

पुण्याला जायचं म्हटलं की मला नको वाटतं. वहीत खोटं कशाला लिहू. तिथं लिफ्टमधे माणूस माणसाकडं बघत नाही. भाजीवाला 'बोला मॅडम' म्हणतो आणि मी बोलायला लागले की पिशवी माझ्या हातात देऊन पुढच्या बाईकडं वळतो. आणि तरी आज बॅग भरताना सगळ्यात आधी चालायचे बूट टाकले. प.च्या सोसायटीमागं बाग आहे. तिथं मी सकाळी एकटी चालते. 'सिस्टर, तेवढं बीपी बघता का' म्हणून कोणी अडवत नाही, कोणाच्या घरी चहा घ्यावा लागत नाही. इथं बायपासपर्यंत जाऊन यायला दीड तास लागतो तो त्यामुळंच.

हे गुरुजींना बोललेले नाही.

५ फेब्रु., गुरु.

सकाळची एस.टी. मांडीवर बीपीचं यंत्र, माझं जुनं, पाऱ्याचं. डिकीत टाकू दिलं नाही. कंडक्टर म्हणाला, "आज्जे, सोनं हाय का काय?" आज्जे म्हणाला मेला.

नगरपर्यंत गाडी बरी पळाली. वाघोली जवळ आली तशी रांगायला लागली. प.चं घर वाघोलीत, आतल्या रस्त्याला. व्याही सगळ्यांना सांगतात, पोराचा पुण्यात फ्लॅट आहे. मी तरी काय वेगळं करते? आमची कॉलनी बायपासला, पुढं ज्वारीची रानं, आणि सांगताना 'बीडात राहतो'. गावाच्या कडेला राहायचं आणि नाव गावाचं सांगायचं, हे आम्ही मायलेकी दोघीही करतो.

पल्लवीनं दार उघडलं आणि मी आधी तिचं तोंड बघितलं. सुजलंय. पापण्यासुद्धा. चहा झाल्यावर नडगीवर अंगठा दाबला, खळगा तसाच राहिला. बीपी १३६/८८.

"आई, किती हाय?"

"बरं हाय."

जावई सचिनराव अंबाजोगाईचे. मला मामी म्हणतात. म्हणाले, "मामी, तुमी आल्या ना, आता आमाला टेन्शन न्हाई."

शनिवारी तिची तपासणी. ती झाली की सोमवारी गाडी करून निघायचं.

७ फेब्रु., शनि.

लिहायचं जिवावर आलंय. पण लिहिते.

सोसायटीची टाकी धुवायची होती, म्हणून सकाळपासून पाणी बंद. दुपारी येणार होतं. प.नं मला हे जाता जाता सांगितलं. मी स्वयंपाकघरामागच्या धुण्याच्या जागेतली तोटी उघडी केली आणि खाली पातेलं ठेवलं. हाताला सवय. पाणी आलं की आवाज येईल! आवाज ऐकायला घरात कोणीतरी असावं लागतं, हे डोक्यातच आलं नाही. वर त्या मोरीच्या जाळीवर मीच सकाळी फडकं कोंबलेलं, झुरळं येतात म्हणून. आणि कुलूप लावून तिघंही दवाखान्यात गेलो.

दवाखान्यात बीपी १४०/९२. गोळ्या दिल्या, लघवी तपासायला घेतली.

दोनला परत आलो. लिफ्टमधून बाहेर पडलो तर दाराखालून पाणी. मी "थांब" म्हणेपर्यंत पल्लवीनं कुलूप काढून आत पाय टाकला होता. घसरली. चौकट धरली म्हणून आपटली नाही, पण बसलीच खाली, कुल्ह्यावर. "आई गं" म्हणाली. एवढंच.

तशीच परत दवाखान्यात. पोटाला पट्टा बांधून मशीन लावलं. ठोके ऐकू आले, चांगले टणटणीत. सिस्टर म्हणाली, बाळ मजेत आहे. आयुष्यभर पोटाला नळी लावून ठोके मोजले, आज मशीनवर ऐकत असताना मला मोजता येईनात. बीपी १५०/९८. रात्रभर लक्ष ठेवणार आहेत.

माझ्या लेकीला मी पाडलं.

८ फेब्रु., रवि.

सकाळी सोडलं. गोळ्या वाढवल्या.

सचिनरावांनी काल सगळं घर एकट्यानं पुसलं. गादी उन्हात टाकली, सोफ्याच्या पायांखाली विटा दिल्या. मला एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

खालच्या मजल्यावरच्या बाईंच्या छताला ओल आली. माफी मागायला गेले. "इट्स ओके काकू," म्हणाल्या आणि दार लावून घेतलं. माफ केलं की घालवून दिलं, काही कळेना. आमच्या कॉलनीत अशी ओल आली असती तर बाई तासभर भांडली असती आणि मग पाट देऊन चहा पाजला असता. माणसानं धड भांडावं तरी. या शहराचा मला काल-आज फार राग येतोय. खरं तर स्वतःचा येतोय, पण शहर समोर आहे.

संध्याकाळी पल्लवी माझ्या मांडीवर डोकं ठेवून म्हणाली, "आई, मला घरी ने. मला इथं करमत न्हाई. तू म्हणलतीस ना, सातव्यात नेते."

नेते म्हटलं. माझं पण मन आधीच बीडच्या वाटेला लागलेलं.

१० फेब्रु., मंगळ.

रिपोर्ट आला. लघवीतून प्रोटीन जातंय. डॉक्टरीण पल्लवीच्याच वयाची असेल. तिला लहान पोरीसारखं समजावून सांगत होती, बीपी म्हणजे काय, झटके येऊ शकतात म्हणजे काय. पल्लवी म्हणाली, "माझी आई सिस्टर होती." त्यावर ती माझ्याकडं वळून म्हणाली, "अरे वा, मग तुम्हाला काय सांगायचं मॅडम. तुम्ही माझ्यापेक्षा जास्त बघितलेलं असणार."

मानानंच म्हणाली. मला मात्र मान वर करवेना.

बाहेर आल्यावर सचिनरावांनी विचारलं, "मामी, गाडी सांगू का? तुमी म्हणाल तसं. तिचं बी मन तिकडंच हाय."

म्हटलं, दोन दिवस थांबा.

११ फेब्रु., बुध.

विहीणबाईंचा फोन. "ताई, पहिलं माहेरी न्हाई झालं तर भावकीत आमी काय सांगायचं? माहेरच्यांनी हात वर केले म्हणतील की. गोळ्या काय, तिकडं बी देतेत."

बरोबरच आहे त्यांचं. मीही हेच बोलत आले.

एक गोष्ट आजवर कुठं लिहिली नाही. शिरूर कासारकडच्या उपकेंद्रात होते तेव्हाची. पल्लवी तीन वर्षांची असेल. ऊसतोडीच्या फडावरून एक पोर बाळंतपणाला माहेरी आणलेली, पहिलटकरीण. तोंड सुजलेलं, बीपी एकशे साठच्या वर. म्हटलं, आत्ताच्या आत्ता बीडला न्या. तिच्या आईनं पदर पसरला. "बाई, आजच आलीया वं पोर. सहा महिने फडावर होती. एक दिस ऱ्हाऊ द्या, माझ्या हातचं दोन घास खाऊ द्या." मी ऐकलं. मलाही लेक होती घरी, मला वाटलं एका दिवसानं काय होतंय. सकाळी झटके आले. जीप मिळेपर्यंत तास गेला. वाटेतच गेली पोर. बाळही गेलं.

त्यानंतर मी कोणाचं ऐकलं नाही. पाया पडले, शिव्या दिल्या, तरी गाडीत घातलं आणि पाठवलं. बाया मला कसाबीण म्हणायच्या, माझ्यामागं. ऐकू यायचं मला. काही वाटायचं नाही, कारण पोरी जिवंत परत यायच्या.

आणि आता मी कोण? त्या पोरीच्या आईसारखीच पदर पसरून बसलेय. फरक एवढाच, की तिला बीपी कशाशी खातात ते माहीत नव्हतं. मला माहीत आहे आणि तरी मी सोमवारची गाडी ठरवत होते. लाज वाटली. जेवण गेलं नाही.

१२ फेब्रु., गुरु.

सकाळीच सांगून टाकलं. गाडी नको. बाळंतपण इथंच. मी राहते.

सचिनरावांनी हुश्श केलं, मला दिसलं ते. पल्लवी रडली. "मला माझ्या घरी नेत न्हाईस. कावून? त्या पाण्यामुळं? आई, मी कुठं काय म्हणले का?" पुण्यात आल्यापासून ती 'का' म्हणते, नीट, शहरातल्यासारखं. रडताना कावून आलं. मला तिथल्या तिथं वाटलं, घ्यावी उचलून आणि निघावं. "पाण्यामुळं न्हाई," म्हटलं, "तुझ्या बीपीमुळं. माझ्याशी बोलू नको वाटलं तर, पण डाव्या कुशीवर झोप." दिवसभर बोलली नाही. झोपली मात्र डाव्या कुशीवर.

गुरुजींना फोन.

"मी येत न्हाई."

"कवापर्यंत?"

"बाळ होऊस्तोवर. आन पुढं सव्वा महिना."

मग म्हणाले, "मग मी काय खाऊ?"

कुकरच्या तीन शिट्ट्या शिकवल्या फोनवरच. भाताला पाणी किती ते दोनदा विचारलं.

विहीणबाईंना मीच फोन केला. म्हटलं, भावकीत सांगा, माहेरच उठून लेकीकडं आलंय. आणि बोल लावायचा तर मला लावा, पल्लवीच्या कानावर जाऊ देऊ नका. त्या "बघा बाई" म्हणाल्या.

१५ फेब्रु., रवि.

रिक्षानं दवाखान्यात जाऊन आले, एकटी. घरापासून आठ मिनिटं. संध्याकाळी परत गेले, पुन्हा आठच. लहान बाळांचा विभाग त्याच इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. रिक्षावाल्याला वाटलं असेल म्हातारीचं काहीतरी हरवलंय. या शहराकडून मला आता एवढीच आठ मिनिटं पाहिजेत. बाकी त्यांचं त्यांना लखलाभ.

पल्लवी आज बोलली. "आई, भाजीत मीठच न्हाई." म्हटलं, नसणारच.

२२ फेब्रु., रवि.

बीपी दिवसातून तीनदा. सकाळी १४०, दुपारी १३८, संध्याकाळी १४४. खालचा आकडा नव्वदीच्या आसपास. वहीच्या मागच्या पानांवर मांडतेय.

सकाळी बाग. बूट चावत नाहीत आता. गेटवरच्या वॉचमनबाईनं आज थांबवलं. "तुमी बीडकडच्या का वं?" म्हटलं, कशावरून? "फोनवर बोलत चालल्या होत्या की. मी पाटोद्याची." आधी नवरा-बायको कोयता घेऊन कारखान्यावर जायचे, आता दोघं इथं. तो रात्रपाळी, ती दिवसपाळी. "पुणं कशाचं बाई, निम्मं बीड हितंच हाय. कोणी बोलत न्हाई म्हणून कळत न्हाई." हसलो दोघी. मी नर्स होते म्हटल्यावर तिनं हात पुढं केला, "मला चक्कर येती सारखी, तेवढं बघता का?"

म्हटलं, उद्या यंत्र घेऊन येते. एवढ्या लांब येऊन पुन्हा तेच. बरं वाटलं पण.

१ मार्च, रवि.

घरची आठवण फार. ज्वारी काढणीला आली असेल. अंगणात बसून भाजी निवडायची, जाणाऱ्या-येणाऱ्याशी बोलायचं, ते सगळं आठवतं. इथं अकराव्या मजल्यावर पाखरूसुद्धा ओळखीचं नाही. पण मशीनमधून कपडे वाळूनच निघतात. तोटी फिरवली की गरम पाणी. अंघोळ करताना मला सुख वाटतं, आणि बाहेर आल्यावर घरच्या पिंपांची आठवण येऊन चोरी केल्यासारखं वाटतं.

भाभींचा फोन. नळ आला होता. गुरुजी उठले नाहीत. खडा मारला, काच फुटली. पण टाक्या भरल्या.

११ मार्च, बुध.

सकाळी पल्लवी म्हणाली, डोकं दुखतंय आणि डोळ्यांपुढं काजवे चमकतात. १६२/१०८. परत मोजलं. १६४.

बॅग महिन्यापासून दारामागं भरून ठेवलेली. पाच मिनिटांत खाली. आणि रस्त्यावर कोंडी. कुठंतरी खोदून ठेवलेलं. आठ मिनिटांची एकवीस झाली. घड्याळ बघत होते मी, एका हातानं तिचा हात धरून. त्या एकवीस मिनिटांत या शहराला जेवढ्या शिव्या दिल्या तेवढ्या जन्मात कोणाला दिल्या नाहीत. रिक्षावाला फुटपाथवरून घालून निघाला. नगरचा होता. देवासारखा भेटला.

दाखल केलं. झटके येऊ नयेत म्हणून औषध सुरू. साडेतेहतीस आठवडे झालेत. बाळाच्या फुप्फुसांसाठी दोन इंजेक्शनं, चोवीस तासांच्या अंतरानं. तेवढं थांबता आलं तर शुक्रवारी सकाळी ऑपरेशन, नाही तर केव्हाही. सगळं बरोबर करतायत. मी एकेक गोष्ट मनात तपासून घेतेय आणि बरोबर निघतेय.

१२ मार्च, गुरु.

दुसरं इंजेक्शन झालं. बीपी १५०/१००, औषधावर.

गुरुजी आले, एकटेच, एस.टी.नं. वाघोलीला उतरायचं तर थेट शिवाजीनगरला गेले. तिथून दोन बस बदलून, विचारत विचारत पोचले. वाळलेत. म्हणाले, "लोक चांगले हायेत इथले. विचारलं की सांगतेत." मला सव्वा महिन्यात हे सुचलं नाही. मी कुठं कोणाला काय विचारलं?

पल्लवीजवळ बसून राहिले. तिचा हात धरून.

विहीणबाईंचाही फोन आला. "ताई, चांगलं केलं तुमी. आमाला काय कळत व्हतं?" एवढंच बोलून सचिनरावांना द्या म्हणाल्या. आवाज रडका होता.

१३ मार्च, शुक्र. सकाळचे पावणेअकरा

ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकावर बसून लिहितेय. अक्षर असंच येणार.

साडेदहाला आत नेलं. चाकाच्या पलंगावरून जाताना म्हणाली, "आई, घरी असते तर?" म्हटलं, "घरी असतीस तर मीच गाडीत घालून आणली असती." खरं की खोटं, देव जाणे. तिला बरं वाटलं.

मी विचारलं होतं, आत येऊ का, नर्स होते, मधे बोलणार नाही. डॉक्टरीण नाही म्हणाली. समजावूनच म्हणाली. तिच्या जागी मीही नाहीच म्हटलं असतं.

सचिनराव भिंतीला टेकून उभे. गुरुजी पाणी आणायला म्हणून गेलेत ते अजून आले नाहीत. बाळ चौदाशे-पंधराशे ग्रॅमचं असेल असा अंदाज. अशी पोरं जगतात, मी जगवलीत, कापसात गुंडाळून. काही नाही जगली.

छत्तीस वर्षं मी असल्या दाराच्या आतल्या बाजूला काढली. बाहेरच्या आया उठून उठून विचारायच्या, सिस्टर, झालं का? सिस्टर, कशी हाय? मी म्हणायचे, बसा गप, झालं की सांगू ना. मला त्यांचा राग यायचा. कामात असायचे.

आत्ता दार उघडलं. एक सिस्टर, पंचविशीची असेल, रिकामा ट्रे घेऊन पळत बाहेर आली आणि काहीतरी घेऊन तशीच परत आत गेली. मी उठले होते. तोंडही उघडलं होतं. तिनं न थांबता हातानंच खूण केली, बसा.

बसले.